जेकॉर्डचे पुठ्ठे आणि कर्णाचं कवच

गॅदरिंगमध्ये कर्ण झालेली ती काळी, उंच मुलगी म्हणजे मीच. दहावी १९९४, तुकडी ब. हे आधीच सांगून टाकते कारण बॅचच्या ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी विचारतंच, ते कर्णाचं काम केलेला पोरगा कोण होता बे, आणि दुसरं कोणीतरी भलत्याच पोराचं नाव टाकून मोकळं होतं. पोरगा नव्हता. आणि ते कवचसुद्धा भाड्यानं ड्रेस देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडचं नव्हतं, जेकॉर्डच्या पुठ्ठ्यांचं होतं, त्यावर येतेच.

आपल्या शाळेत निम्मी पोरं सोलापूरच्या पूर्वभागातली, म्हणजे घरात नाहीतर शेजारी माग, नाहीतर विड्या, नाहीतर शिलाई. आमचे बाबा चादरीच्या कारखान्यात फिटर, आई घरी बसून शाळांच्या युनिफॉर्मचं काज-बटण करायची आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या अक्का दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या. त्यामुळे सुताचे रिकामे कोन, दशांचे गुंते, खाकी आणि निळ्या चेक्सच्या चिंध्या, विडीचा दोरा, तेंदूच्या पानाची कातरणं, सगळं हाताशी आणि फुकट. ड्रेपरीवाल्याकडून ड्रेस आणायला पैसे लागायचे आणि ते कोणाकडेच नव्हते, पण खरं सांगू का, पैसे असते तरी मी आणला नसता. त्या भाड्याच्या मखमली झग्यांना आधीच्या दहा शिवाजींच्या घामाचा वास यायचा.

सुरुवात युनिफॉर्मपासूनच झाली. पांढरा ब्लाऊज, निळा स्कर्ट, दोन वेण्या, लाल रिबिनी, सगळ्या सारख्या, त्यात आपण वेगळं दिसायचं कसं हा आमचा खरा अभ्यासक्रम. कारखान्यातल्या दशा आणून त्याचे गोंडे करायचे आणि रिबिनीच्या आत लपवायचे, म्हणजे प्रार्थनेला दिसत नाहीत आणि मधल्या सुट्टीत बाहेर काढता येतात. वापरून संपलेल्या रिफिलींचे बारीक तुकडे कापून ओवलेल्या माळा, त्यात शाई थोडी राहिलेली असायची आणि घाम आला की मानेवर निळा पट्टा उठायचा. नेलपॉलिश बंद म्हणून मेंदीचा पाला वाटून नखांवर बांधायचा. नेलपॉलिश बाई खरवडून काढायला लावायच्या, मेंदी कशी काढणार? हात पुढे करायला लावायच्या, बघायच्या आणि नुसतं हं म्हणून पुढं जायच्या. ओल्या गंधाच्या बाटलीत काडेपेटीची काडी बुडवून कपाळावर चंद्रकोर, साप, उभी रेघ, ठिपक्यांचं फूल असं काय काय काढायचो आणि ते नळावर जाऊन पुसूनही यायचो. बाकीचं सामान जानेवारीत, सिद्धेश्वराच्या यात्रेत. होम मैदानावर गड्डा भरला की घरचे पाळण्यात नाहीतर भजीच्या गाड्यावर, आणि मी बांगड्या-कानातल्यांच्या स्टॉलसमोर अर्धा अर्धा तास उभी, घ्यायला कमी आणि कसं केलंय ते बघायला जास्त.

त्या यात्रेत नंदीध्वज धरणारे पांढरी बाराबंदी घालतात ती आपण सगळ्यांनी जन्मापासून बघितलेली, पण ती शिवायची म्हणजे काय हे मला भावासाठी शिवताना कळलं. बटण नाही, हुक नाही, सगळा खेळ बंदांचा. कुठला बंद कुठल्या बंदाला आणि आतला आधी की बाहेरचा, हे चुकलं की पुढचा पदर पोटावर फुगतो. आईनं युनिफॉर्मच्या पांढऱ्या टेरीकॉटचे तुकडे जोडून दिले, जोड अशा ठिकाणी घेतले की बंदाखाली झाकले जातील. तुकडा जोडलेला दिसू द्यायचा नाही, नाहीतर मग मुद्दाम दिसेल असा जोडायचा, मधलं काही नाही, हे आईचं म्हणणं. मी अजून तेच धरून चालते.

मग विविध वेशभूषा स्पर्धा. त्यात दरवर्षी तीन-चार टिळक, तेवढ्याच झाशीच्या राण्या आणि एक तरी भाजीवाली. मी सातवीत डॉ. कोटणीस झाले. आपल्या सोलापुरात १९१० साली जन्मलेला माणूस, १९३८ ला चीनला गेला, तिकडंच १९४२ ला वारला, त्याच्यावर धडा होऊ शकतो तर वेशभूषा का नाही? पहिल्यांदा सगळ्यांसारखाच पांढरा कोट केला, सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचा आणि डबीच्या झाकणाचा स्टेथोस्कोप केला. इतिहासाच्या सरांनी बघितलं आणि म्हणाले, हा तर कुठलाही डॉक्टर झाला की गं. मग त्यांनी पुस्तकातला फोटो दाखवला. कोटणीस तिथं चीनच्या एट्थ रूट आर्मीसोबत होते, त्यामुळे अंगावर सैनिकी जाड कोट आणि टोपी, पांढरं काही नाही. झालं, पांढरा कोट बाजूला आणि जुन्या राखाडी चादरीचा कोट, आत चिंध्या भरून टाके घातलेला, टोपीला पुठ्ठ्याची झापड. मला एकाही परीक्षकानं ओळखलं नाही. एकानं विचारलं, बाळ तू वॉचमन का? नंबर टिळकांना गेला. आई म्हणाली पांढराच घालायचा होतास, सर म्हणाले बरोबर केलंस, आणि मला सरांचं पटलं कारण कोट खरंच भारी झाला होता, पुढं दोन थंड्या बाबांनी तो रात्रपाळीला घातला.

सरांचं असंच एक अजून. १२ जानेवारीच्या कार्यक्रमाला आम्ही पोरं गांधी टोप्या करायचो, त्याच पांढऱ्या तुकड्यांच्या, खळ घालून कडक केलेल्या, आणि पोरं त्या तिरक्या घालून हिरोगिरी करायची. सर एकदा शांतपणे म्हणाले, १९३० ला या गावात मार्शल लॉ होता तेव्हा ही टोपी घालणं गुन्हा होता, आणि पुढच्या वर्षी १२ जानेवारीलाच चौघं फासावर गेले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चार हुतात्मा पुतळ्यांवरून रोज सायकल मारणारे आम्ही, टोपीचं हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. टोप्या कोणी काही न सांगता सरळ झाल्या.

आता मेकअप. घरचा मेकअप म्हणजे निम्मा स्वयंपाक आणि निम्मं विज्ञान. काजळ घरीच धरायचं, एरंडेलाचा दिवा, वर तांब्याची पालथी ताटली, जमलेली काजळी खरवडून तुपात खलायची. त्यानं मिशा पण काढता येतात, फक्त तूप जास्त झालं की दुसऱ्या अंकापर्यंत मिशी हनुवटीवर येते. दाढीला काळी लोकर बारीक कातरून डिंकानं चिकटवायची, थरावर थर, खालून वर, वरून खाली लावली की बोकडाची दिसते. म्हाताऱ्याच्या केसांना टाल्कम पावडर लावू नये, मिठी मारली की ढग उठतो, त्यापेक्षा तांदळाचं पीठ पातळ खळीत कालवून फणीनं ओढावं. रक्त म्हणजे काकवीत कुंकू. दिसतं एकदम खरं, घट्ट, हळूहळू ओघळणारं, पण आमचा अभिमन्यू मेल्यावर पडदा पडायच्या आत मुंग्या आल्या आणि मेलेला अभिमन्यू पाय झाडायला लागला. आणि हळद. नवरीच्या सीनसाठी एका मुलीच्या तोंडाला हळद फासली आणि कार्यक्रम झाल्यावर तिनं साबणानं तोंड धुतलं, तर हळद लालभडक. ती रडायला लागली, विज्ञानाच्या बाई मात्र खूश, साबण अल्कधर्मी असतो म्हणून हळद लाल होते हे त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गात तिच्याच रुमालावर दाखवलं.

चित्रकलेच्या सरांचा एक नियम होता, काही केलं की हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन बघायचं, आणि जो लाइट लागणार आहे त्याच लाइटात बघायचं. स्टेजवर पिवळे हॅलोजन असायचे. त्यात हळदीचा पिवळा गायब होतो, निळं काळपट पडतं आणि घरी ट्यूबलाइटखाली गोड दिसणारं सगळं मरतं. मी रंगीत तालमीला स्वतःचा डायलॉग सोडून सारखी मागं पळायची म्हणून बोलणी खाल्लीत.

तर कर्ण. नाटुकलं मराठीच्या बाईंनी लिहिलेलं, इंद्र ब्राह्मण होऊन येतो आणि कवचकुंडलं मागतो एवढाच प्रसंग. कर्ण व्हायला पोरं तयार होती, पण स्टेजवर अंगातलं काढून द्यायचं म्हटलं की फिदीफिदी हसायची, दोघं बदलले, तिसरा पण हसला. बाई वैतागून म्हणाल्या, तू कर गं, तू उंच आहेस आणि हसत नाहीस.

कवच असं हवं होतं की लांबून धातूचं वाटेल आणि सगळ्यांसमोर अंगावरून सुटेल. बाबा एक दिवस कारखान्यातून रद्दीत चाललेले जेकॉर्डचे पुठ्ठे घेऊन आले. ज्यांनी बघितले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, चादरीवरचं डिझाइन या पुठ्ठ्यांत असतं. लांबट पट्टी, तिच्यात पंचिंगची भोकं. एका बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, एक पुठ्ठा, जिथं भोक तिथला ताण्याचा उभा धागा वर उचलला जातो, जिथं नाही तिथला खाली राहतो, आणि असे शेकडो पुठ्ठे दोरीनं ओवून साखळी केलेली असते. म्हणजे ओवायची भोकं आयतीच! मी ते आडवे, एकावर एक थोडे चढवून ओवले, अंग वाकवलं की ते पण वाकायचे. सोनेरी रंग आणायला पैसे नव्हते म्हणून पुठ्ठे तपकिरीच ठेवले आणि मागून सोनेरी बेगड चिकटवली. समोरून फक्त भोकांतून सोनं दिसायचं, ठिपका ठिपका, आणि श्वास घेतला तरी लकाकायचं. अख्खं सोनेरी केलं असतं तर डब्याचं झाकण दिसलं असतं. बाबांनी पुठ्ठे उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, हे त्या मोठ्या फुलाच्या चादरीचे आहेत, काठाकडचा भाग, फुलाचं अर्धं पान तुझ्या पोटावर आलंय. कुंडलं कोनाच्या टोकाच्या चकत्यांची, त्यावर अक्कांनी विडीचा दोरा इतका घट्ट गुंडाळून दिला की पुठ्ठा दिसेना. खांद्यावर आणि कुशीत सुरगाठी, ओढलं की सुटलं.

गॅदरिंगला रंगवायला बाहेरून मेकअपमन यायचा. त्याच्या पेटीत काय काय होतं कोण जाणे, पण रांगेत बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडावर एकच गुलाबी रंग यायचा. पाची पांडव गुलाबी, कृष्ण निळा झाला तर झाला नाहीतर तो पण गुलाबी. हात आणि मान मूळच्या रंगाची. मला पण फासला. मी आरशात बघितलं, मग शेवटच्या रांगेत जाऊन मैत्रिणीला माझ्या जागी उभं करून बघितलं, सगळे गुलाबी चेहरे हॅलोजनखाली एक झालेले, कोण हसतंय कोण रडतंय कळत नव्हतं. नळावर गेले आणि धुऊन आले. मेकअपमन म्हणाला, अगं काय करलालीस, काळी दिसशील. म्हटलं, काळीच आहे की मी.

मग खोबरेल तेलाचा हात, त्यावर गेरू आणि किंचित काजळी मिसळून चेहरा, मान, दंड सगळीकडे सारखं, गालाच्या हाडावर आणि नाकाच्या शेंड्यावर थोडी उरलेली बेगड चुरून. सूर्याचा पोरगा आहे, उन्हातलाच दिसणार. आणि काळ्या अंगावर सोनं जेवढं लांबून दिसतं तेवढं गुलाबीवर दिसतच नाही, हे मी त्या दिवशी पाठ केलं. बाई विंगेत आल्या, बघितलं, आणि मेकअपमनला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, महाभारतात द्रौपदी सावळी, अर्जुन सावळा, कृष्ण तर काळाच. आपल्यालाच काय झालंय कळत नाही.

प्रसंगात डाव्या कुशीतली सुरगाठ अडकली. ओढली तशी निरगाठ बसली. इंद्र हात पसरून उभा, त्याला पुढचं वाक्य आठवेना, मला पण आठवेना. कमरेला पुठ्ठ्याची कट्यार होती ती काढली, पुठ्ठ्यांत घातली आणि फाडलं. दोरी तटकन तुटली, पट्ट्या सुटून खाली, बेगड स्टेजभर. हॉल एकदम गप्प झाला आणि मग टाळ्या. बाई नंतर म्हणाल्या, मुळात असंच आहे की, कर्ण ते कवच अंगावरून कापूनच देतो, मीच नाटकात सोपं करून लिहिलं होतं.

ते पुठ्ठे आता मिळायला अवघड झालेत, बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जेकॉर्ड आलं, डिझाइन कम्प्युटरवर. मी पुण्यात बँकेत आहे, सोसायटीतल्या पोरांच्या गणपतीतल्या नाटकांना रंगवते आणि ऑनलाइन मागवलेले चकचकीत ड्रेस आणणाऱ्या आयांशी दरवर्षी भांडते. वाईट नसतात ते ड्रेस, पण पोराच्या मापाचा एकही नसतो.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला आपल्या बॅचनं काहीतरी बसवायचं चाललंय असं ऐकलं. रंगवायला मी येते. डिंक, लोकर, गेरू माझ्याकडे आहे, काकवी नको. कोणाच्या घरी माळ्यावर जुने पुठ्ठे असतील तर रद्दीत घालू नका, मला कळवा. स्टेजला परत पिवळेच हॅलोजन लावणार असतील तर बायकांनी निळ्या साड्या काढू नयेत. आणि गोरं करून दे म्हणून कोणी बसलं तर त्यानं दुसरी रांग बघावी.