चंदीगड–लेह: ‘जेवायला परत’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका

हवाई दलाच्या एएन-३२ या मालवाहू विमानाबरोबर टेक्निशियन म्हणून पहिल्यांदा लेहला जाणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. जोरहाट, पोर्ट ब्लेअरच्या फेऱ्या आरामात होतात, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लेहचं तसं नाही. निघताना आम्हाला सांगितलं होतं, सकाळी जायचं, सामान उतरवायचं, दुपारच्या जेवणाला चंदीगड. सांगणारा स्वतः हिवाळ्यात कधी वर गेलाच नव्हता, हे नंतर कळलं.

जाताना पहाटेचं सर्व्हिसिंग, एफ-७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर, सह्या आणि मग पोत्यांशेजारी कॅनव्हासच्या सीटवर बसून राहणं. कानात कापूस घालून भागत नाही, इअर डिफेंडरच हवेत. पायलटने हवा बघून मध्येच विमान वळवलं तर तोंड वाकडं करू नका. ७ फेब्रुवारी १९६८ ला याच वाटेवर, हवा बिघडली म्हणून लेहहून मागे फिरलेलं एएन-१२ हे मालवाहू विमान रोहतांगच्या बाजूला १०२ जणांसह नाहीसं झालं. त्यातले चार मृतदेह थेट २०२४ मध्ये सापडले. इथे परत फिरणंसुद्धा वेळेत व्हावं लागतं.

खरा त्रास सुरू होतो लेहच्या अ‍ॅप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर), १०,६८२ फुटांवर. उतरल्यावर फेरी मारली तर उजवा मेन लेग, म्हणजे मुख्य चाकाचा पाय, खाली बसलेला. थंडीत सील कडक झालं की ओलिओतला (लेगमधल्या धक्का झेलणाऱ्या नळीतला) नायट्रोजन निसटतो आणि चकचकीत पिस्टनवर एएमजी-१० या हायड्रॉलिक तेलाचा लाल ओघळ येतो. चिंधीने पुसला की पुन्हा बारीक कड धरायचा. गळती थोडी होती, पण लेग भरल्याशिवाय मी सही करणार नव्हतो. नायट्रोजनची बाटली मिळाली. ती लेगला जोडायचा अडॅप्टर मात्र नाही! आमच्या किटच्या यादीत त्याच्यापुढे टिक होती, पेटीत त्याची जागा रिकामी. कोणी तरी काढून घेतला आणि यादी तशीच पुढे सरकवली. म्हणून सांगतो, यादीवर सही करण्याआधी पेटी उपडी करा, एकेक नग हातात घेऊन बघा. सीनियर घाई करतोय? करू दे.

या शोधाशोधीत सकाळ संपली. लेहला दुपारी वारा उठतो, तापलेली हवा आणखी विरळ होते, म्हणून उड्डाणं सकाळीच उरकतात. ती वेळ चुकली की रात्र वरच काढायची, यात घासाघीस नाही.

लष्कराच्या नियमाने ९ ते १२ हजार फुटांवर शरीर रुळायला ६ दिवस देतात, त्यातले पहिले दोन निव्वळ आरामाचे. विमानाबरोबर आलेल्याच्या हातात त्याच दिवशी जॅकचा दांडा येतो. चार-पाच दाब दिले की धाप लागते. दांडा आळीपाळीने मारा, मर्दुमकी दाखवू नका. डोकं ठणकायला लागलं किंवा उलटी झाली तर काम टाकून एमओकडे (मेडिकल ऑफिसरकडे) जा. डायमॉक्सचं, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं, त्यांना निघण्याआधीच विचारून घ्या.

जाड ग्लोव्हज घालून लॉकिंग वायर (नट-बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधायची तार) वळता येत नाही आणि उघड्या हाताला स्पॅनर चिकटतो. आत घट्ट बसणारे पातळ हातमोजे घाला, वायर मारताना फक्त वरचे काढा. मी ते नेले नव्हते. बाजारातून मागवले तर चंदीगडच्या सेक्टर २२ मधल्या भावापेक्षा दुपटीहून जास्त मोजावे लागले, आणि शिवण दुसऱ्याच दिवशी उसवली. साफ लूट. स्लीपिंग बॅग, हेडलॅम्प आणि घरची शेंगदाण्याची चटणी बॅगेत ठेवाच. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेडवाला सोबती धरा, नाही तर घरी निरोप पोचायचा नाही.

सकाळच्या पहिल्या विमानाने अडॅप्टर आला. लेग हळूहळू वर येताना बघून जे बरं वाटलं, त्या भरात थकवा कळला नाही. तो चंदीगडला उतरल्यावर कळला.

एक शेवटचं. मुक्काम पडला की मुव्हमेंट ऑर्डरवर (प्रवासाच्या हुकमावर) तिथेच नोंद करून कॅप्टनची सही घ्या. नाही तर डीएचा (दैनिक भत्त्याचा) क्लेम आक्षेप लागून परत येतो, आणि त्या आक्षेपाला उत्तर लिहिणं ओलिओ भरण्यापेक्षा किचकट आहे.