शेडमधली जुनी गाडी: चावी मारण्याआधी वायरिंग

खानापूर-कणकुंबीकडच्या जांभ्याच्या शेडमध्ये उभी राहिलेली अँबॅसडर आणि अथणीकडच्या कोरड्या हवेत उभी राहिलेली अँबॅसडर, जिल्हा एकच (बेळगाव), पण बिघाड वेगळे. पावसाच्या पट्ट्यात तांब्यावर हिरवा थर चढतो, बल्ब होल्डर गंजतात, बॉडीचं अर्थिंग जातं. कोरड्या भागात वायरचं इन्सुलेशन कडक होऊन तडकतं. उंदीर दोन्हीकडे सारखेच. शेजारी पिंजर (भाताचा पेंढा) किंवा कडबा रचलेला असेल तर बॉनेटखाली घरटं असणार हे धरूनच चाला.

नवी बॅटरी टाकायची आणि लगेच चावी मारायची, ही सगळ्यात महाग घाई. जुन्या अँबॅसडरमध्ये फ्यूज दोनच, तेही ३५ अँपिअरचे. हेडलाइट आणि इग्निशनच्या वाटेत फ्यूजच नाही, म्हणजे शॉर्ट झालं तर वायरच जळते. म्हणून आधी सिरीज दिवा. १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब घ्या, त्याला दोन क्लिपा लावा. बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते पाहून (बहुतेक गाड्यांत निगेटिव्ह) ती केबल काढा आणि केबल व बॅटरी यांच्यामध्ये बल्ब जोडा. सगळी बटणं बंद, दारं बंद. बल्ब विझलेला राहिला तर ठीक. मंद पेटला तर कुठेतरी करंट गळतोय. लख्ख पेटला तर थेट शॉर्ट. मग फ्यूज काढा, एकेक वायर सोडवा; जी वायर सोडवल्यावर बल्ब विझेल तिचा माग काढा. हार्नेस (वायरींचा जुडगा) जिथे फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) आत जातो तिथलं रबर आधी बघा. ते वाळून फुटलेलं असलं की पत्र्याची धार वायरीत रुतते.

चावी ऑन केल्यावर हाच बल्ब पेटला तर घाबरू नका. डेल्कोतले (डिस्ट्रिब्युटरमधले) पॉइंट, म्हणजे उघडमीट करणारे संपर्क, मिटलेले असले की इग्निशन कॉइल करंट घेणारच. पॉइंटच्या मध्ये जाड कागदाची पट्टी सरकवा, बल्ब मंद झाला पाहिजे. पट्टी घालूनही फरक पडला नाही तर पॉइंटची वायर कुठे बॉडीला टेकते का, कंडेन्सर शॉर्ट आहे का, ते तपासा. आणि इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून गप्पा मारू नका, कॉइल तापून जाते.

आता अर्थिंग. माझ्या मते लांब उभ्या राहिलेल्या गाडीतली निम्मी दुखणी इथेच असतात, आणि गिऱ्हाईक मात्र सेल्फ (स्टार्टर मोटर), कॉइल, कटआऊट (डायनामोचा रेग्युलेटर) बदलत बसतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन ते बॉडी ही विणलेली पट्टी हाच त्याचा परतीचा रस्ता. ती तुटली किंवा गंजली की सेल्फचा करंट चोक किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून जायला बघतो. सेल्फ मारताना चोकची केबल गरम लागली तर दुसरं काही शोधू नका. मोजायचं असेल तर कॉइलची वायर काढा, मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या टोकावर (क्लॅम्पवर नाही), दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत हवं. ०.५ च्या वर गेलं तर पट्टी काढून दोन्ही बाजूंचा रंग-गंज पॉलिश पेपरने खरवडा, चकाकतं लोखंड दिसेपर्यंत. जोडून झाल्यावर वरून व्हॅसलीन. आधी लावलंत तर फुकट. त्याच वेळी बॅटरीच्या दोन टोकांवर ९.६ व्होल्टच्या खाली आकडा गेला तर बॅटरीच कमजोर.

ब्रेक दाबल्यावर पार्किंगचा दिवा मिणमिणतो, इंडिकेटर दिला की दुसराच दिवा फडफडतो, हा दोष बल्बचा नाही, मागच्या दिव्याच्या अर्थिंगचा. होल्डर काढून आतली पितळी पट्टी घासली की बहुतेक वेळा काम होतं.

प्रीमियर पद्मिनी गाडीचे चिनी मातीचे ८ अँपिअरचे फ्यूज वरून चांगले दिसतात, पण टोकांशी पांढरी पूड जमते. फ्यूज जागेवरच बोटाने फिरवून पाहा. दिवा लागला तर क्लिपा घासायच्या आहेत.

पॉइंटवर करडा थर बसलेला असतो, त्यामुळे ठिणगी येत नाही. बारीक कानस एकदोनदा फिरवा, मग पेट्रोलमध्ये बुडवलेली कागदी पट्टी ओढा. अंतर अँबॅसडरला ०.३५ ते ०.४० मिमी, पद्मिनीला ०.४२ ते ०.४८.

गाडी सुरू होऊनही डायनामो चार्ज करत नसेल तर तो लगेच वाइंडिंगला देऊ नका. उभ्या उभ्या त्यातलं उरलेलं चुंबकत्व संपलेलं असू शकतं. इंजिन बंद करून डायनामोच्या एफ (फील्ड) टर्मिनलची वायर काढा आणि बॅटरीच्या लाइव्ह टोकाची वायर त्या एफला क्षणभर टेकवा, दोनतीनदा. ठिणगी दिसते, ती दिसलीच पाहिजे. दिसली नाही तर फील्ड वाइंडिंग तुटलंय, तेव्हा बेळगावच्या उद्यमबागेतल्या वाइंडिंगवाल्याकडे न्या, पण ब्रश आणि कम्युटेटर आधी स्वतः बघून घ्या.