आपल्यात विषयच येत नाई

"त्यायच्या धर्मातच हाय ते," काकाजी म्हणाले आणि मोबाईल माझ्या हातात परत दिला.

आज दुपारी शेतात, कापसाच्या गाठोड्यांवर बसून गाडीची वाट पाहत होतो. बातमी पाकिस्तानची. भावानं बहिणीचा खून केला, इज्जतीसाठी.

मी म्हटलं, "काकाजी, आपल्याकडंही होते ना. हरियाणात एकाच गोत्रात लग्न केलं म्हणून, तमिळनाडूत जातीबाहेर केलं म्हणून."

ते म्हणाले, "आपल्यात विषयच येत नाई. पोरीले तेवढी मोकळीक देतच नाई आपण."

त्यांची नात बाजूलाच कापूस वेचत होती. बारावीला आहे. तिचा हात बोंडावर तसाच थांबला. वर पाहिलं नाही तिनं. मग पुन्हा वेचायला लागली.

तो थांबलेला हात डोळ्यांसमोरून जात नाही.

पाकिस्तानात असा खून केलेल्याला घरचेच माफ करायचे आणि तो सुटायचा. २०१६ मध्ये कायदा बदलावा लागला. आपल्याकडं २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात खाप पंचायतीनं, म्हणजे उत्तरेतल्या जातपंचायतीनं, पडू नये. धर्म वेगळे, 'नाक कापलं' हे दुखणं एकच, म्हणजे ते संस्कृतीतलं. म्हणून धर्म दोषातून सुटतो असंही मला वाटत नाही. जातीला शास्त्रांचा आधार आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलं.

पण त्या पोरीला संस्कृती की धर्म, यानं काय फरक पडणार? उद्या तिला कोणी आवडलं, तर ती आमच्यापैकी कोणाला सांगू शकेल?