शामोनीचा रोपवे: वर तासभर पुरे, गुडघे सिग्नलच्या उतारासाठी राखून ठेवा

फ्रान्समधल्या शामोनीहून एग्वी द्यू मिदी या शिखरावर जाणाऱ्या रोपवेला कुणी 'आरामाचा दिवस' म्हणत असेल, तर त्याला आधी उंची विचारा. शामोनी गाव १०३५ मीटरवर, रोपवेचं वरचं स्थानक ३७७७ वर, आणि मधला प्रवास जेमतेम वीस मिनिटांचा. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे. तिथे विमानातून उतरलं की आपण दोन दिवस हॉटेलात मुकाट पडून राहतो. इथे त्याहून वर गेल्या गेल्या लोक जिने चढायला धावतात. दर रविवारी सिंहगड करणारा आमचा मेहुणा कठडा धरून पांढराफटक उभा होता, आणि सासूबाई शेजारी थर्मासमधला चहा ओतत होत्या. विरळ हवा कुणाला त्रास देईल हे दमसासावरून कळत नाही. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तर गोळ्या शोधत बसू नका, खाली या. तीन वर्षांखालच्या मुलांना तर वर नेतच नाहीत.

आता पैशांचं. पुण्यातल्या ज्या एजंटकडून पास घेतले, त्याने 'रांग लागत नाही' असं सांगून खिडकीवरच्या दरापेक्षा माणशी चाळीस युरो जास्त लावले. रांग लागलीच. गर्दीच्या दिवसांत पास हातात असून भागत नाही, चढायची वेळही राखून ठेवावी लागते, आणि ती त्याने राखलेलीच नव्हती. आम्ही सकाळी आठला खिडकीवर हजर, गाडी मिळाली साडेअकराची. तोवर समोरच्या मों ब्लां शिखरावर ढग जमायला लागलेले. फोन केला तर म्हणे, "सर, वेदर आपल्या हातात नसतं." वेळ तर होती ना बाबा तुझ्या हातात! तिकीट थेट रोपवेच्या संकेतस्थळावरून घ्या, वेळेसकट, आणि शक्यतो आदल्या संध्याकाळी हवामान बघून. जाऊन-येऊन सत्तर-ऐंशी युरोंच्या घरात पडतं. शामोनीहून डोंगरावरच्या मोंतांवेर स्थानकापर्यंत जाणारी रेल्वेही करायची असेल तर सगळ्या लिफ्ट-गाड्यांचा एकत्र पास परवडतो. स्विस पास इथे दाखवू नका, हे फ्रान्स आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पहिली गाडी सकाळी सातच्या आधी सुटते, तीच धरा. दुपारी ढगात उभं राहायला एवढे पैसे मोजू नयेत.

डब्यात गर्दी सात बावन्नच्या ठाणे लोकलइतकी, फक्त शेजाऱ्याच्या पाठीवर दोर आणि बर्फाची कुऱ्हाड. पहिल्या टप्प्यात खांब आला की डबा हेलकावतो आणि सगळे एका सुरात ओरडतात. मधल्या स्थानकावर, प्लां द लेग्वियला, डबा बदलायचा. तिथून वरपर्यंत मध्ये एकही खांब नाही, नुसती तार. १९५५ साली हे उभं केलं! इंजिनिअर असाल तर इथेच पैसे वसूल.

वर पोहोचलात की आधी परतीच्या गाडीचा क्रमांक मिळतो का ते बघा. गर्दीत उतरायलाही नंबर लागतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. भूक लागलेली, हात गारठलेले, आणि पुकारा व्हायला अजून पाऊण तास. नंबर खिशात आला की ३८४२ मीटरच्या गच्चीवर नेणारी लिफ्ट गाठा. तिलाही रांग आहे, पण ती लावा. काचेच्या खोलीची रांग मात्र लावू नका. बुटांवर मऊ सपाता चढवून काचेवर उभं राहायचं, फोटो काढायचा, निघायचं. आम्ही दहा मिनिटं थांबून ती सोडली, आणि त्याच वेळात गच्चीवर ढग फाटून मों ब्लां अख्खा समोर आला, इतका जवळ की हात लावावा. तेवढ्यासाठी एजंटलाही क्षणभर माफ केलं. जुलैतही वर शून्याच्या आसपास असतं, वारा सुटला की त्याखाली. जाकीट, हातमोजे, गॉगल हवेतच. बर्फाच्या बोगद्यातून गिर्यारोहक जिथून बाहेर पडतात त्या फाटकाच्या पलीकडे साध्या बुटांनी पाऊल टाकू नका. त्यापुढे दोन्हीकडे उतार असलेली बर्फाची धार आहे.

पुढचं फक्त चालणाऱ्यांसाठी. उतरताना मधल्या स्थानकावर थांबून मोंतांवेरपर्यंत डोंगराच्या कुशीतून वाट जाते. अडीच तास धरा. "सपाट आहे, लहान मुलंही जातात," असं ऐकून निघालो होतो. सुरुवातीच्या बऱ्याच भागापुरतं ते खरं आहे: आडवी वाट, समोर दरी, झुडपं, सुंदर. जूनमध्ये मात्र मध्येमध्ये बर्फाचे पट्टे असतात. मग फाटा येतो. खालची वाट थेट मोंतांवेरला, वरची 'सिग्नल' नावाच्या उंच जागेवरून. सगळे वर जातात, आम्हीही गेलो. सिग्नल २२०० मीटरच्या आसपास आणि मोंतांवेर १९१३ वर. म्हणजे तीनेकशे मीटरचा उतार, आणि तो सगळा मोठमोठ्या दगडी पायऱ्यांचा. एकही पायरी दुसरीच्या उंचीची नाही. दगड ओले असतील तर विचारू नका. सासूबाई आधीच मधल्या स्थानकावरून रोपवेने खाली गेल्या होत्या, ते फार बरं झालं. राजगडाच्या चोर दरवाज्याला कधी कुरकुरले नाहीत ते माझे गुडघे इथे दोन दिवस बोलत होते. काठ्या असतील तर जा, नाहीतर खालची वाट धरा. सिग्नलवरून मेर द ग्लास ही हिमनदी आणि ग्रांद जोरासचा डोंगर दिसतो हे खरं. पण हिमनदी म्हणून मनात जे चित्र असतं ते नाही, खालचा भाग बहुतेक राखाडी दगडगोट्यांची दरी झालाय.

बाकीचे दिवस शामोनीत छान गेले. दरीपलीकडच्या डोंगरावर प्लांप्राला जाऊन निवांत बसलो, मों ब्लां तिथूनही उत्तम दिसतो आणि उंची जेमतेम २००० मीटर. वयस्कर मंडळी सोबत असतील तर खरं तर तेवढंच करा. मुक्काम करणाराला हॉटेलकडून मोफत बसचं कार्ड मिळतं, मागून घ्या.

मोंतांवेरहून खाली येणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच बघून ठेवा, ती ऋतूप्रमाणे बदलते. आम्ही पोहोचलो तेव्हा फलाटावर दोन गाड्यांची माणसं उभी होती. गाडी चुकली तर गावापर्यंत आणखी पावणेनऊशे मीटरचा उतार पायी, जंगलातून, सिग्नलच्या पायऱ्या उतरून झालेल्या गुडघ्यांनी.