आमची वाटचाल: घासू नका, आधी दाखवा

"जुन्या बंदुका तपासतोस म्हणजे नेमकं काय करतोस रे?" मंडळाच्या गणपतीत पंगतीला बसलं की हा प्रश्न ठरलेला. यंदा स्मरणिकेसाठी लिहायची पाळी माझ्यावर आली आहे, तेव्हा एकदाच सांगून टाकतो.

मी मूळचा सांगलीचा. अण्णांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, मी टूलरूममध्ये फिटर. इथे अमेरिकेत कनेक्टिकटला आलो तो मशीन शॉपच्या नोकरीवर. ते शॉप बंद पडलं आणि मी रीतसर लायसन्स काढून गॅरेजमध्ये बंदूकदुरुस्ती सुरू केली. हा पट्टाच तसा आहे. विंचेस्टरचा कारखाना न्यू हेवनला होता, कोल्टचा हार्टफर्डला. आजोबांच्या माळ्यावर एखादी जुनी रायफल निघणं इथे नवलाचं नाही.

पहिल्याच वर्षी घोडचूक केली. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ विंचेस्टर मॉडेल 1890 घेऊन आले. .22 इंची काडतुसाची पंप-ॲक्शन, म्हणजे नळीखालची लाकडी मूठ मागे-पुढे केली की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. वरून सगळी तपकिरी पडलेली. मी फिटर माणूस, मला गंज दिसला की हात शिवशिवतात. बफ मारला, नवं ब्ल्यूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा थर) चढवलं, दस्ता घासून पॉलिश केला. म्हातारेबुवा खूश. पुढे त्यांची मुलगी ती लिलावाला घेऊन गेली. तिथल्या जाणत्याने दारातच सांगितलं, "ही घासलेली आहे," आणि भाव कोसळला. ती परत आली, काउंटरवर रायफल ठेवली आणि काहीच बोलली नाही. मी मजुरी परत केली. बफने गेलेलं मूळ रूप कुठून परत आणणार?

त्यानंतर दुरुस्ती मागे पडली आणि तपासणी हाच धंदा झाला. आता पहिल्या दिवशी फक्त बघायचं. त्याआधी एकच काम: नळीखालची मॅगझिनची, म्हणजे काडतुसं भरायची, नळी काढून, आतलं सगळं उघडून, बंदूक रिकामी असल्याची खात्री. "रिकामीच आहे हो" म्हणून आलेल्या रायफलीतून मी अडकलेलं काडतूस काढलं आहे.

मग अण्णांचं भिंग डोळ्याला लावतो. अण्णा म्हणायचे, घड्याळ उघडण्याआधी स्क्रू बघ, तो आधीच्या कारागिराचं नाव सांगतो. रायफलीलाही हेच लागू. खाचेच्या कडा फाटल्या असतील तर ती कुणीतरी चुकीच्या स्क्रू ड्रायव्हरने उघडली आहे. स्क्रूच्या भोकाभोवतीचं लोखंड बशीसारखं खोलगट झालं असेल, तर बफ फिरला आहे. मॉडेल 1890 ची नेहमीची नळी 24 इंची, अष्टकोनी. तिच्या कोपऱ्यांवरून नख फिरवावं. मूळ कडा नखाला लागते, घासलेली निसटते. अक्षरांच्या कडाही तशाच मऊ होतात. आणि लाकूड? कारखान्यातून ते लोखंडापेक्षा केसभर उंच बसवलेलं यायचं. ते लोखंडाच्या खाली गेलं असेल तर पॉलिश पेपर कुणी मारला एवढाच प्रश्न उरतो. (आमच्या त्या पहिल्या रायफलीत मीच.)

मॉडेल 1890 हे ब्राउनिंग या बंदूक-कारागीर बंधूंच्या डिझाइनचं. सुरुवातीच्या रायफली न सुटणाऱ्या अखंड बांध्याच्या, नंतर दोन भागांत सुटणाऱ्या आल्या. दोन भाग सुटतात म्हणजे दोन वेगळ्या रायफलींची सोयरीकही होते! म्हणून जिथे दोन्ही भागांवर नंबर आहे तिथे तो जुळतो का बघायचं. नंबर 1890 च्या दशकातला आणि नळीवर अंडाकृतीत 'डब्ल्यूपी' हा चाचणीचा शिक्का असेल तर भुवई वर जाते, कारण विंचेस्टरने तो शिक्का 1905 पासून मारला. नळी नंतरची असेल, नाहीतर रायफल कारखान्यात परत जाऊन आली असेल.

नळीवर काडतुसाचं नाव असतं: शॉर्ट, लाँग किंवा डब्ल्यूआरएफ (विंचेस्टर रिमफायर), आणि 1919 पासून लाँग रायफल (हेही काडतुसाचंच नाव). एक रायफल एकाच काडतुसाची. 'शॉर्ट' लिहिलेल्या नळीत लाँग रायफलचं रिकामं टरफल सहज बसलं, तर कुणीतरी चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, कोरून मोठा केला आहे. ही फार जुनी खोड. शॉर्टवाल्या पुष्कळशा जत्रेतल्या नेमबाजीच्या स्टॉलवर राबल्या, त्यांची झीज वेगळीच. जुनी दारू आणि काडतुसातला गंज आणणारा पेटवणीचा मसाला यांनी नळी आतून खाल्लेली असते. पांढरा कागद मागे धरून डोकावलं की खड्डे दिसतात.

एकदा एकाने अखंड बांध्याची आणली, रिसीव्हरवर (मधल्या लोखंडी सांगाड्यावर) मोरपिसासारखे रंग, अगदी कालच्यासारखे. मालक हवेत. भिंगातून एक जुना खोल ओरखडा दिसला, आणि रंग त्या ओरखड्याच्या तळालाही होता. म्हणजे ओरखडा आधी, रंग नंतर. मी तेवढंच सांगितलं. तो गृहस्थ पुन्हा आला नाही.

असे लोक दुरावतात, म्हणून बायकोने एक नियम घातला. किमतीच्या टक्क्यांवर पैसे घ्यायचे नाहीत, ठरलेली फी घ्यायची. टक्के घेतले तर डोळा फसतो, असं तिचं म्हणणं. हिशेब आणि फोटो तीच बघते. अमेरिकेच्या 1968 च्या कायद्याने 1898 पर्यंत बनलेली बंदूक 'अँटिक' ठरते, तिच्या खरेदी-विक्रीला डीलरचं फेडरल लायसन्स लागत नाही, राज्याचे नियम निराळे. मॉडेल 1890 चं उत्पादन 1898 च्या दोन्ही बाजूंना पसरलेलं, त्यामुळे कागद तिच्याच हातून जातात.

खात्री हवी असेल तर वायोमिंगमधल्या कोडी गावच्या म्युझियमला लिहायचं. विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या तिथे आहेत, मॉडेल 1890 च्या सुरुवातीच्या नंबरांच्याही. शेवटच्या काळातल्या नाहीत, तिथे भिंगच खरं. सध्या एका गृहस्थाच्या रायफलीबद्दल म्युझियमचं पत्र यायचं आहे. त्यांना ती पहिल्या काही शेकड्यांतली वाटते, मला नळी खटकते आहे. आठवड्यात तीनदा फोन आला, "काय लिहिलंय?" पत्र अजून पोस्टातच आहे.