प्लेस वाळूत दिसेनासा होतो तो नुसत्या रंगाने नाही

रंग बदलणारा प्राणी म्हटलं की आधी सरडा आठवतो. उत्तर समुद्रातल्या प्लेस या चपट्या माशाबद्दल मग असा समज होतो, की खाली जे दिसेल त्याची हुबेहूब नक्कल तो अंगावर उतरवतो. तसं नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याच्या पिल्लांकडे मुख्यतः दोनच नमुने दिसले: एक ठिपक्यांचा, दुसरा मोठ्या डागांचा. तळ बघून ती दोन्हींचं प्रमाण कमी-जास्त करतात, तेवढ्यात काम भागतं. रंगपेशीतले कण पसरले की डाग गडद होतो, मधोमध गोळा झाले की फिकट. पण तळ कसा आहे हे डोळ्यांनीच कळतं, त्यामुळे आंधळ्या माशाला रंग जुळवता येत नाही.

रंग कितीही जुळला तरी अंगाची कड आणि तिची सावली उरतेच. तिच्यावर उपाय वाळूचा. मासा तळाला टेकून अंग जोरात फडफडवतो, उसळलेली वाळू पाठीवर बसते. पातळ थर पुरतो. कडेचे पर झाकले गेले की आकार हरवतो, वर फक्त डोळे. इथे वाळूचा दाणा महत्त्वाचा. पिल्लात जाड रेती उडवण्याइतकी ताकद नसते, ते अर्धवट उघडं राहतं. म्हणून त्यांना बारीक वाळू लागते आणि नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यालगतच्या वाडेन समुद्राचे उथळ किनारे मानवतात. तिथेही तपकिरी कोळंबी नुकत्याच तळाला आलेल्या पिल्लांना खाते, तीही बहुतेक रात्री. अंधारात ठिपके जुळवून काय उपयोग?

तळाला येण्याआधी हा मासा चारचौघांसारखाच असतो. अंडी साधारण २ मिमीची, तरंगणारी. पिल्लू सरळ पोहतं, दोन्ही बाजूंना एकेक डोळा. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरच्या सुमारास डावा डोळा डोक्यावरून उजवीकडे सरकतो आणि तळाला टेकणारी डावी बाजू पांढरीच राहते. (आपल्याकडच्या भाकसाचे डोळे डावीकडेही असतात, उजवीकडेही.)

खाणं म्हणजे वाळूतले किडे आणि शिंपल्या. शिंपलीने वर काढलेली नळी तो कुरतडून नेतो. शिंपली बहुधा जगते, नळी पुन्हा वाढते.

लांबच्या प्रवासात भरती-ओहोटीचा प्रवाह हव्या दिशेने असेल तर तो तळ सोडून वर येतो आणि वाहत जातो. प्रवाह उलटला की पुन्हा तळाला.

धोका जवळ आला तरी निपचित पडून राहायचं, हा त्याचा स्वभाव. बीम ट्रॉलर, म्हणजे आडव्या दांड्याने तोंड उघडं ठेवलेलं जाळं तळावरून ओढणारी बोट, नेमका त्याचाच फायदा घेते. जाळ्याच्या तोंडापुढे लोखंडी साखळ्या वाळू खरवडत येतात. माशाला शोधावं लागतच नाही. साखळी लागली की तो उसळतो, मागे जाळं असतंच.