छत्तीस जिल्ह्यांची यादी

"तुमचं बिल आलं. आधी दुकानात या, मग बोलू." रविवार पेठेत भांड्यांचं जुनं दुकान आहे, त्याचे मालक फोनवर एवढंच बोलले. मी त्यांना काका म्हणते. काका रागावले की कमी बोलतात, हे मला तोवर कळलं होतं.

चार महिने मी त्यांच्या ऑनलाइन दुकानाचं एसईओ, म्हणजे गुगलवर शोधलं की दुकान वर दिसावं याचं काम, बघत होते. काम दिलं होतं त्यांच्या मुलानं. वेबसाइट त्याची, पैसे काकांचे. जाहिरातींतून थोडीफार विक्री व्हायची, पण जाहिरातीला घातलेले पैसे जेमतेम निघायचे. गुगलवर शोधत आपणहून येणारं गिऱ्हाईक, ज्याच्यासाठी मला पैसे मिळत होते, ते काही येत नव्हतं. त्यात कास्ट आयर्नच्या तव्यांची फारच पडझड होती. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीतून काकांनी हौसेनं तवे ओतून घेतले होते आणि माळ्यावर त्यांच्या थप्प्या लागल्या होत्या.

मी उत्तर तयार ठेवूनच गेले. कास्ट आयर्न तवा म्हणून शोधलं की पहिलं पान मोठ्या मार्केटप्लेस आणि ब्रँडांनी भरलेलं असतं, आपण चौथ्या पानावर, वेळ लागेल. हे खरंही होतं. आमच्या धंद्यात हे उत्तर कुठल्याही महिन्यात, कुठल्याही क्लायंटला देता येतं.

दुपारचे साडेबारा. बाहेर पाऊस, आत दोन गिऱ्हाइकं. काकांनी मला गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसवलं आणि बोलायचं सोडून कामाला लागले. मला वाटलं, मुद्दाम ताटकळत ठेवताहेत. ठेवतही असतील.

पन्नाशीच्या एक बाई छत्री झटकत आत आल्या. "बिडाचं आहे का हो?"

"आहे की. घावनाला का डोशाला?"

"घावनाला. आईकडचा होता, पडला नि दोन तुकडे झाले."

काकांनी पोऱ्याला माळ्यावर पिटाळलं. तो जो तवा घेऊन खाली आला, तो माझ्या ओळखीचा होता. चार महिने मी त्याचे फोटो, त्याचं शीर्षक, त्याचं वर्णन घासूनपुसून लिहीत होते: 'प्री-सीझन्ड कास्ट आयर्न डोसा तवा, १२ इंच'. काकांनी बोटाच्या पेरानं टिचकी मारून बाईंना नाद ऐकवला, वजन हातात देऊन दाखवलं, आणि पाच मिनिटांत तवा वर्तमानपत्रात बांधून गेला.

मी विचारलं, "काका, याला बीड म्हणतात?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विचारलं असावं, याला तवा म्हणतात? "मग काय म्हणतात? तुमच्या वेबसाइटवर लोखंडी भांड्यांत घातलाय तो. लोखंड वेगळं, बीड वेगळं. लोखंडाचा तवा पडला तर पोचा येईल. बिडाचा पडला की खलास. आत्ता ऐकलंत ना?" मग जरा थांबून, "म्हणून तर परत येतात तवे. पोळीचा तवा समजून मागवतात, आणि हातात तीन किलोचं धूड पडतं."

परत आलेल्या मालाची कारणं मी दर महिन्याला वाचत होते. 'फार जड आहे' हे त्यात सारखं असायचं. मी ते कुरिअरवाल्यांच्या भानगडींसारखंच, आपल्या कक्षेबाहेरचं म्हणून सोडून देत होते.

शब्द मला अगदीच माहीत नव्हता असंही नाही. आजीच्या तोंडी ऐकला असणार. पण कीवर्ड, म्हणजे लोक गुगलवर टाकतात ते शब्द, शोधायला बसताना आजी डोक्यात नसते. टूल उघडं असतं, त्यात 'कास्ट आयर्न तवा' टाकलं की पुढची दीडशे वाक्यं तेच टूल सुचवतं, आणि ती सगळी त्याच वाटेनं जाणारी असतात.

तरी एक गोष्ट टोचत होती. मी एकट्या टूलवर विसंबत नाही. आपलं पान कुठल्या शोधांत दिसलं हे गुगल सर्च कन्सोलमध्ये दाखवतं, तिथून खरोखर लोकांनी टाइप केलेले शब्द दर महिन्याला काढते. बीड इतकं रुळलेलं असेल, तर चार महिन्यांत माझ्या नजरेला एकदाही पडू नये?

स्टुलावर बसल्या बसल्या मोबाइलवर सर्च कन्सोल उघडलं. तव्याचं पान निवडलं, लोकांनी टाकलेले शब्द बघितले. आणि तिथे होतं की सगळं. रोमन लिपीत, जो तो आपापल्या स्पेलिंगनं. कुणी बी-आय-डी-ए-सी-एच-ए असं एकसंध लिहिलेलं, कुणी बी-डबल-ई-डी लिहून 'चा' वेगळा तोडलेला. तव्यात कुणाचा व्ही, कुणाचा डब्ल्यू. देवनागरीत 'बिडाचा तवा', 'बीडचा तवा', आणि कोकणातल्या कुणाचा तरी 'भिडाचा तवा'. एकेकाचे आकडे किरकोळ, पण यादी अंगठ्यानं सरकवत राहिले तरी संपेना. फारच थोड्यांनी शोधलेले शब्द गुगल खासगीपणासाठी दाखवतच नाही, म्हणजे खरी यादी याहून लांब असणार. आपलं पान यातल्या बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या पानावर दिसत होतं. क्लिक शून्य.

पण माझ्या पानावर तर 'बीड' हा शब्दच नव्हता! मग गुगल ते दाखवत कशाच्या जोरावर होतं? पान उघडून खाली खाली गेले. तिथे एका गिऱ्हाइकाचा अभिप्राय होता: 'बिडाचा तवा एकदम मस्त, घावन सुरेख सुटतात.' अख्ख्या वेबसाइटवर तेवढा एकच उल्लेख. बहुधा त्या एका ओळीनंच, मी बांधलेल्या पानाला जेवढं येत होतं तेवढं आणून दिलं होतं.

आता राहिला प्रश्न माझ्या शीटचा: दर महिन्याचे शब्द मी त्यात ओतते, मग तिथे हे का दिसलं नव्हतं? लॅपटॉप काढला, गल्ल्यावरच ठेवला. काका म्हणाले, "चहा सांगू?" मी मान हलवली असेन.

स्थानिक भांड्यांची दुकानं शोधणारे लोक ऑनलाइन दुकानाला नको असतात. 'नाशिक भांडी दुकान' असं टाइप करणाऱ्याला चालत जाता येईल असं दुकान हवं असतं. म्हणून माझ्याकडे एक तयार यादी आहे: महाराष्ट्राचे ३६ जिल्हे, सगळ्या संभाव्य स्पेलिंगांसह. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर दोन्ही, उस्मानाबाद आणि धाराशिव दोन्ही. मला या यादीचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू. टूलमधून आणि सर्च कन्सोलमधून आलेले सगळे शब्द मी एका शीटमध्ये ओतते आणि पहिली गाळणी हीच लावते: यातलं कुठलंही नाव ज्या ओळीत असेल, ती ओळ बाद.

बीड जिल्हा. रोमनमध्ये दोन स्पेलिंगं: एक डबल ई घालून, एक नुसत्या आयचं. देवनागरीतही दोन, दीर्घ आणि ऱ्हस्व. आणि गाळणी 'शब्द जुळला तर' अशी नाही, 'ही अक्षरं कुठेही असली तर' अशी. म्हणजे रोमनमधला 'बिडाचा' हा अख्खा शब्द त्याच्या पहिल्या तीन अक्षरांमुळे बाद. जवळजवळ एकूण एक ओळ माझ्या डोळ्यांपुढे यायच्या आधीच गेलेली. कडी म्हणजे हीच यादी मी मुलाला जाहिरातींच्या खात्यात निगेटिव्ह कीवर्ड म्हणून, म्हणजे 'हे शब्द असतील तर जाहिरात दाखवू नका' म्हणून, घालायला दिली होती. तिथे पूर्ण शब्द जुळावा लागतो, त्यामुळे 'बिडाचा' वाचला होता. पण 'चा' तोडून लिहिणारे सगळे गिऱ्हाईक आम्ही दारातूनच परत पाठवत होतो. बीड जिल्ह्यात हिंडणारे समजून.

मी काकांना सांगितलं. सगळं, यादीसकट. काका ऐकून घेत होते, मग पोट धरून हसले. "म्हणजे माझे तवे तुम्ही बीडला पाठवलेत?" पोऱ्याला बोलावून त्यालाही सांगितलं. त्या हसण्याचं मला बिलापेक्षा जास्त वाईट वाटलं.

दुपारी मुलगा आला आणि खरी वादावादी झाली ती त्याच्याशी. "ताई, बिडाचा लिहिलं तर गावठी वाटेल. बंगळूरचं गिऱ्हाईक काय म्हणेल?" मी म्हटलं, इंग्रजी पान आहे तसं राहू दे, मराठीचं वेगळं करू. मग तो म्हणाला, सगळी स्पेलिंगं मेटा कीवर्डमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या टॅगमध्ये, भरून टाकू. तो टॅग आपण रँकिंगसाठी बघत नाही असं गुगलनं २००९ मध्येच जाहीर केलंय, तरी दर महिन्याला कुणी ना कुणी मला तो भरायला सांगतं. मग म्हणाला, प्रत्येक स्पेलिंगचं एकेक पान. तेही नको, नुसत्या शब्दांच्या फरकानं बनवलेली पानं गुगल स्पॅममध्ये धरतं, आणि तसं नसतं तरी सात पानं आपापसातच भांडली असती.

शेवटी एकच पान ठरलं. शीर्षक 'बिडाचा तवा', खाली कास्ट आयर्न. आणि वर्णन काकांनी सांगितलं, मी टाइप केलं. आंबोळीचं पीठ आंबट असतं, तर ते तव्यावर राहू देऊ नका. पहिल्या वापराआधी तेल लावून तापवा, अर्धा कांदा फिरवा. गरम तव्यावर गार पाणी ओतू नका, तडकेल. पोळ्यांना घ्यायचा असेल तर हा नको, लोखंडी घ्या. हे शेवटचं वाक्य मुलाला अजिबात पटलं नाही. काकांनी ठेवायला लावलं.

ओघात काकांनी आणखी काढलंच: उलथण्याला आमच्याकडे कालथा म्हणून मागणारे येतात, तिकडून नागपूरकडचे सराटा मागतात, आणि वेबसाइटवर लिहिलंय काय, तर टर्नर. मी वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात त्यांनी बिल खिशातून काढलं, अर्ध्या रकमेचा आकडा पेननं लिहिला आणि माझ्याकडे सरकवलं. मी काही बोलले नाही.

तव्याचं पान महिन्याभरात 'बिडाचा तवा'ला पहिल्या पानावर आलं. यात माझी हुशारी नाही, तिथे लढायला फारसं कोणी नव्हतंच. 'फार जड आहे' म्हणून परत येणारे तवेही कमी झाले, असं मुलगा सांगतो.

पण त्या दिवशी रात्री घरी आल्यावर झोप येईना. ती यादी मी काही एकाच शीटला लावत नाही. साडेअकराला लॅपटॉप उघडला. मसाले विकणाऱ्या एका ताईंचं शीट काढलं, साताऱ्याकडच्या. जिल्ह्यांची गाळणी उचलली आणि बाद झालेल्या ओळी वर आल्या. पहिलीच ओळ, रोमन लिपीत: कोल्हापुरी कांदा लसूण मसाला. कोल्हापूर हा जिल्हा, आणि 'कोल्हापुरी'च्या पोटात त्याची सगळी अक्षरं. तिच्याखाली तसल्याच आणखी एकोणचाळीस.

त्या ताईंचं बिल मी मार्चमध्येच घेतलंय, पूर्ण. सकाळी दहाला त्या गिरणीतून मोकळ्या होतात, तेव्हा फोन करायचा असं ठरवून लॅपटॉप मिटला.